दुसरा पडदा

बसच्या पोटातून आला तो, कुओपिओहून.
खोक्यावर लिहिलेलं: श्री. रेमेस.
मी श्रीमती. चालायचंच.
ड्रायव्हरने कण्हत उतरवला, म्हणाला,
यात काय, चूल आहे?
म्हटलं, तसंच समज. तापायला वेळ घेते.

खरंच घेतो. बटण दाबलं की आधी काहीच नाही.
मग मागच्या जाळीआड काचेच्या नळ्या
संत्र्याच्या सालीचा रंग धरतात,
आणि एक गुणगुण, इतकी बारीक
की मी आधी फ्रीजकडेच पाहते.

पहिल्या संध्याकाळी पाहुण्याशी बोलावं तसं बोलले.
मोकळ्या तारा, हवापाण्याच्या गप्पा.
ट्रेबल सहावर: पत्र्यावर नखं.
चारवर: तोंडात घास धरून बोलणं.
बेस पार खाली नेला
तेव्हा कुठे मधला आवाज पुढे आला,
दाराआडून सगळं ऐकत उभ्या असलेल्या पोरासारखा.
व्हॉल्यूम तीनवर तो सांगितलेलं ऐकतो.
पाचवर उलट उत्तर देतो.
मला साडेचार आवडला,
तार हलकी छेडली तर निर्मळ,
जोरात छेडली तर कडेला जरासा उसवणारा.

जुना अँप माझ्या भावाने, उर्पोने,
रेडिओच्या पेटीत बांधला होता.
फेब्रुवारीत गेला, भर नाचात, टँगोच्या मध्यावर,
जळक्या रबराचा वास सोडून.
ताइस्तोने अॅकॉर्डियनवर पुढची ओळ उचलली.
लोक नाचतच राहिले.
ते मला लागलं, खरं सांगते.

तिसऱ्या दिवशी ताइस्तो शेडमध्ये आला,
इंजिनांच्या गर्दीत रंगाच्या डब्यावर बसला.
तोच टँगो. दोनदा वाजवून झाल्यावर म्हणाला,
तू तिथे उडी का मारतेस?
कुठे?
एच आला की. दर वेळी.

एच. बाहेरच्या जगात त्याला बी म्हणतात,
आमच्याकडे एच. पाचवी तार, दुसरा पडदा.
उर्पोच्या पेटीची पुढची फळी सैल होती
आणि नेमक्या याच सुराला थरथरायची,
चमच्यांचा खण कुणी हिसकून उघडावा तशी.
मी पुठ्ठा कोंबला, सरस लावला,
एकदा उर्पोचाच लोकरी मोजा.
मग बोटांनीच वाट काढली:
एचच्या दारावरून न जाता
वरच्या घरावर टेकून पलीकडे उतरायचं.
आधी ठरवून. मग अंगवळणी.
मग लोक म्हणू लागले, ही रेमेसबाईंची लकब.
योएन्सूचा एक मुलगा तर
खास ती शिकायला येऊन गेला.
मी शिकवलीही. गंभीर चेहऱ्याने.

वाजव ना, ताइस्तो म्हणाला.
वाजवला.
चमचे नाहीत. फळी नाही.
एक गोल, साधा सूर,
धुऊन पालथ्या घातलेल्या वाडग्यासारखा.
एवढ्यासाठी मी तीस वर्षं वळसा घातला?
ताइस्तोने टोपी काढली, आत पाहिलं, परत घातली.
म्हणाला, बरा आहे की.
मग कॉफी मागितली.

जूनमध्ये तळ्याकाठचा नाचमंडप उघडेल.
तेव्हा सरळ जाईन की उडी मारीन,
अजून ठरलेलं नाही.
योएन्सूच्या पोराला काही कळवू नये, एवढं नक्की.

रात्री नव्याची आणखी एक खोड कळली:
बटण बंद केलं तरी दोन-तीन क्षण तो वाजत राहतो,
नळ्यांत उरलेल्या उबेवर.
मी दिवा मालवला, अँप बंद केला,
आणि त्या उरलेल्या उबेत टँगोची ओळ धरली,
काही न ठरवता.

हात एचपाशी आला,
आणि वरून गेला.